'हॅव' : मालकी नसलेले क्रियापद

माझा पोटापाण्याचा धंदा दस्तलेखनाचा. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून मी 31 वर्षे खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि वाटणीपत्रे लिहिली. शिक्षण बारावीपर्यंत. इंग्रजी शिकलो ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, आणि पुढे रद्दीच्या दुकानांत मिळतील त्या व्याकरणांवर. तेव्हा पुढील मजकूर विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञाचा नाही, शब्दांवर पोट भरणाऱ्या एका माणसाचा आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांच्या पेटीत ब्रिटिश अमदानीतले काही इंग्रजी दस्त होते. मिळकतीचे वर्णन संपले की त्यांत एक ठरलेले कलम यायचे, 'टू हॅव अँड टू होल्ड'. या कलमाला इंग्रजी कायद्यात 'हॅबेंडम' म्हणतात. घेणाऱ्याला मिळकतीत नेमका किती आणि कसा हक्क मिळाला हे त्यात सांगितलेले असते. मी गुरुजींना विचारले, "याचं मराठी काय करायचं?" ते म्हणाले, "करायचं कशाला? आपण 'मालकी-वहिवाटीची' म्हणतो. झालं." उत्तर व्यवहाराचे होते, पण माझे समाधान झाले नाही. 'होल्ड'ला धरणे, धारण करणे आहे. 'हॅव'ला काय आहे?

काहीच नाही, असे पुढे माझ्या ध्यानात आले. 'बाळगणे' आहे, पण पिस्तूल बाळगतात, राग बाळगतात. भाऊ किंवा ताप बाळगत नाहीत. हा शोध मला फार मोठा वाटला. 2004 साली एका छोट्या नियतकालिकात मी लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा होता की इंग्रज माणूस सगळ्या जगाकडे मालकीच्या नजरेने बघतो, म्हणून त्याला भाऊ, ताप, भूक आणि घर या सगळ्यांसाठी एकच 'हॅव' पुरते. मराठी माणूस मात्र 'मला ताप आहे' म्हणतो, म्हणजे ताप आहे आणि तो मला आहे, मी त्याचा मालक नाही. लेख आवडल्याची पत्रे आली. दोन शाळांत भाषणे झाली. आज 20 वर्षांनंतर तो लेख मला चुकीचा वाटतो. तो कुठे चुकला, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

1

आधी हे क्रियापद प्रत्यक्षात काय काम करते ते पाहू. 'आय हॅव अ हाउस' म्हटले की घर बोलणाऱ्याच्या मालकीचे असेल असे आपण धरतो. पण 'आय हॅव युअर अम्ब्रेला' म्हणजे तुझी छत्री माझ्याकडे आहे, आणि इथे मालक तू आहेस. 'हॅव' मालकी आणि ताबा यांत फरक करत नाही. म्हणूनच इंग्रज वकिलाला एकट्या 'हॅव'वर भागवता येत नाही. त्याला 'ओन', 'पझेस', 'होल्ड' अशी वेगळी क्रियापदे लागतात.

पुढे 'द हाउस हॅज टू डोअर्स'. घर दारांचे मालक नाही. 'शी हॅज टू ब्रदर्स', 'ही हॅज अ फीवर', 'वी हॅव टाइम'. नातेवाईक, आजार आणि वेळ यांवर कोणाची मालकी असते? त्यानंतर येतात ती चहा, जेवण, अंघोळ यांची वाक्ये. 'हॅव टी', 'हॅव लंच', 'हॅव अ बाथ', 'हॅव अ लुक'. इथे क्रियेचा सगळा अर्थ पुढच्या नामात असतो आणि 'हॅव' नुसते काळ आणि पुरुष सांगण्यापुरते उरते. आपण 'अंघोळ करणे', 'चहा घेणे', 'चक्कर मारणे' म्हणतो तेव्हा करणे, घेणे, मारणे यांची जी गत होते, तीच.

याहून मोठे क्षेत्र सहायक क्रियापदाचे. 'आय हॅव रिटन अ लेटर' म्हणजे मी पत्र लिहिले आहे. 'आय हॅव टू राइट अ लेटर' म्हणजे मला पत्र लिहायचे आहे किंवा लिहिलेच पाहिजे. इथे मालकीचा मागमूस नाही. बोलताना तर हा शब्द झिजून 'आय'व्ह' इतकाच राहतो. 'वुड हॅव'चा उच्चार इतका पुसट होतो की इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही कधी कधी तिथे 'वुड ऑफ' असे चुकीचे लिहितात. ज्या शब्दाचा मूळ अर्थ बोलणाऱ्याच्या मनात जागा असतो, त्याची अशी अदलाबदल होत नाही.

माझ्या धंद्यातले एक उदाहरण देतो. 'द लँड आय हॅव टू सेल.' या सहा शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, विकण्यासाठी माझ्याकडे असलेली जमीन. दोन, मला विकावी लागणारी जमीन. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. कानाला मात्र फरक कळतो. दुसऱ्या अर्थात 'हॅव टू' जोडून 'हॅफ्टू' असे उच्चारले जाते. पहिल्या माणसाच्या हातात जमीन आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर कर्ज, आणि दोघांमध्ये 'व्ह' आणि 'फ' एवढेच अंतर.

2

हा शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये याच अर्थाचे 'हाबेरे' असे क्रियापद आहे. फ्रेंच 'आव्वार' त्याच्यापासून आले आणि 'हॅबेंडम'ही त्याचेच रूप. 'हॅव' आणि 'हाबेरे' उच्चारात जवळ, अर्थाने एकच. कोणीही त्यांना सख्खी भावंडे समजेल. मीही बरीच वर्षे समजत होतो. पण ती भावंडे नाहीत.

याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 साली जो ध्वनिनियम मांडला, त्यानुसार लॅटिनमध्ये जिथे 'क' दिसतो तिथे जर्मानिक भाषांत 'ह' येतो. लॅटिन 'केंटुम' म्हणजे आपले 'शत', त्याचे इंग्रजी 'हंड्रेड'. लॅटिन 'कॅनिस' म्हणजे कुत्रा, संस्कृत 'श्वन्', त्याचे इंग्रजी 'हाउंड'. मग 'हॅव'मधल्या 'ह'च्या जागी लॅटिनमध्ये 'क' शोधला पाहिजे. तसा शोधला की सापडतो तो 'कापेरे', म्हणजे पकडणे, हस्तगत करणे. 'कॅप्चर' आणि 'कॅप्टिव्ह' हे शब्द याच 'कापेरे'चे. आणि 'हाबेरे'चा खरा नातेवाईक इंग्रजीत कोण? बहुतेक अभ्यासक त्याचे नाते 'गिव्ह', म्हणजे देणे, या क्रियापदाच्या कुळाशी जोडतात.

म्हणजे जुन्या दस्तातल्या त्या कलमात लॅटिनचा अनुवाद म्हणून जो शब्द बसवला, तो मूळ शब्दाच्या रक्ताचा नव्हताच. घरोब्याने नाते जुळावे तसे ते जुळले.

हे कळले तेव्हा माझ्या 2004 च्या लेखाला बळकटीच आली, असे मला आधी वाटले. 'हॅव'च्या मुळाशी 'पकडणे' आहे! आणखी काय पुरावा पाहिजे? पण व्युत्पत्ती हा साक्षीदार फसवा असतो. शब्द जिथे जन्मला ते गाव आणि आज जिथे नांदतो ते घर यांत हजारो वर्षांचे अंतर असते. पकडले की वस्तू हातात असते. हातात असणे नित्याचे झाले की पकडण्याची क्रिया विसरली जाते, नुसते असणे उरते. 'हॅव' या वाटेने कधीच पुढे गेले आहे.

हा प्रवास एकट्या इंग्रजीचा नाही. स्पॅनिशमध्ये 'हाबेरे'पासून आलेले 'आबेर' इतके झिजले की ते आता मुख्यतः सहायक म्हणूनच उरले. 'माझ्याकडे घर आहे' म्हणायला स्पॅनिश माणूस 'तेनेर' वापरतो, आणि त्याचा मूळ अर्थ धरणे. एक क्रियापद झिजले की भाषा हाताशी असलेले दुसरे दणकट क्रियापद कामाला लावते. इंग्रजीतही तेच चालले आहे. बोलताना 'आय हॅव अ कार'ऐवजी 'आय'व्ह गॉट अ कार' म्हणतात, आणि आणखी सैल बोलीत नुसते 'आय गॉट अ कार'. मिळवणे या अर्थाचे 'गेट' आता 'हॅव'च्या जागेवर बसत आहे. मालकीची धग 'हॅव'मध्ये शिल्लक असती, तर ही मदत लागली नसती.

3

आता मराठीकडे येतो. माझा जुना लेख इथेच सगळ्यात जास्त चुकला. 'हॅव'ला मराठी प्रतिशब्द नाही हे खरे. पण तिच्या जागी आपण काय वापरतो ते मी नीट पाहिले नव्हते. ही तीन वाक्ये पाहा.

'मला दोन भाऊ आहेत.' 'मी पत्र लिहिलं आहे.' 'मला पत्र लिहायचं आहे.'

यांची इंग्रजी अनुक्रमे 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय हॅव रिटन अ लेटर', 'आय हॅव टू राइट अ लेटर'. नाते, पूर्ण झालेली क्रिया आणि कर्तव्य. तीन निरनिराळी कामे. इंग्रजीत तिन्ही 'हॅव' करते, मराठीत तिन्ही 'आहे' करते. हा योगायोग नसावा. जे माझ्यापाशी झालेल्या अवस्थेत आहे ते मी केले आहे. जे माझ्यापाशी व्हायच्या अवस्थेत आहे ते मला करायचे आहे. दोन्ही भाषांनी हाच विचार केला. एकीने तो 'हॅव'ने मांडला, दुसरीने 'आहे'ने.

पूर्ण काळाचा इतिहासही हेच सांगतो. जुन्या इंग्रजीत 'हॅव'सह येणारे कृदंत अनेकदा कर्माप्रमाणे बदलत असे. 'मासे, पकडलेले, माझ्यापाशी आहेत' अशा घडणीतून 'मी मासे पकडले आहेत' हा अर्थ निघाला. पुढे प्रत्यय गळले आणि कृदंत एकरूप झाले. आपल्याकडे मात्र ती खूण अजून जिवंत आहे. 'मी चिठ्ठी लिहिली आहे', 'मी पत्र लिहिलं आहे'. क्रियापद माझ्याकडे बघत नाही, चिठ्ठीकडे आणि पत्राकडे बघते. 'माझं जेवण झालं आहे' म्हणताना तर कर्त्याला आपण सरळ षष्ठीत बसवतो.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बेनव्हनिस्त यांनी 1960 साली 'असणे' आणि 'हॅव' या दोन क्रियापदांवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की 'हॅव' हे 'अमक्याला असणे' याचेच उलटवलेले रूप आहे. वस्तू कर्ता आणि माणूस 'ला'मध्ये, हे मूळ. माणूस कर्ता आणि वस्तू कर्म, हे उलटवलेले. 'ला असणे' या पद्धतीच्या भाषा जगात भरपूर आहेत. संस्कृत, रशियन, आयरिश, फिनिश, अरबी या सगळ्या कुठल्या ना कुठल्या रीतीने 'असणे' वापरूनच हे सांगतात. लॅटिनमध्ये 'हाबेरे'च्या जोडीने 'मला पुस्तक आहे' अशी रचनाही होती.

इंग्रजीने माणसाला 'ला'मधून उचलून कर्त्याच्या जागी बसवले ते फक्त 'हॅव'पाशी नव्हे. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी या बदलासाठी राजा आणि नाशपातीचे एक वाक्य उदाहरण म्हणून योजले, ते अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. जुन्या इंग्रजीत 'राजाला नाशपाती आवडल्या' अशीच रचना होती. 'राजा' चतुर्थीत आणि 'नाशपाती' कर्ता. 'लाइक'चा अर्थच तेव्हा 'आवडणे' असा होता. विभक्तिप्रत्यय गळून पडल्यावर वाक्यातली पहिली जागा म्हणजेच कर्ता, असा नियम पक्का झाला. पहिल्या जागेवर बसलेला राजा आपोआप कर्ता ठरला. 'मला वाटतं' या घडणीचे 'मीथिंक्स' तेवढे जुन्या ग्रंथांत जपून राहिले. हा बदल प्रत्यय झिजल्यामुळे झाला. इंग्रज माणसाची हाव वाढल्यामुळे झाला, असे म्हणायला काही आधार नाही.

4

'हॅव'चा कर्ता खरोखर कर्ता असतो का, हे तपासायला आणखी दोन वाक्ये घेऊ. 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे मी केस कापून घेतले. 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन' म्हणजे माझे पाकीट चोरीला गेले. घडण तंतोतंत एकच. पहिल्यात मी करवून घेणारा, दुसऱ्यात मी नागवला गेलेला. 'हॅव' याबाबत काहीच बोलत नाही. ते फक्त एवढे सांगते की जे घडले ते या माणसाच्या वाट्याला आले. मराठीत आपण एकदा 'घेणे' वापरतो, एकदा 'जाणे', आणि फरक स्पष्ट करतो. वाट्याला येणे म्हणजेच आपली चतुर्थी. 'हॅव'चा कर्ता हा प्रथमेचा अंगरखा घातलेला 'मला' आहे.

हे ध्यानात आले असते तर तरुणपणीचा एक अपमान टळला असता. पुण्यात एका खाजगी कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत होती. घरी कोण कोण असते, असे विचारल्यावर मी म्हणालो, 'आय अ‍ॅम हॅविंग वन ब्रदर.' समोरचे गृहस्थ हसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आज आहे, उद्या नसेल!" नोकरी मिळाली नाही, ती या वाक्यामुळेच असे मी म्हणत नाही. पण ते हसू कानात राहिले.

चूक कशी होते? माझा अंदाज असा की मनात 'आहे' असते आणि आपल्याला 'आहे' म्हणजे 'अ‍ॅम' असे शिकवलेले असते. ते ठेवायचे आणि 'हॅव'ही हवे, म्हणून 'अ‍ॅम हॅविंग'. ही चूक भारतीय इंग्रजीची खूण म्हणून पुस्तकांत नोंदवली आहे. नियम असा की जिथे 'हॅव' ही स्थिती आहे तिथे चालू काळ चालत नाही; जिथे ती क्रिया आहे, जसे चहा पिणे, तिथे चालतो. 'आय अ‍ॅम हॅविंग टी' बिनचूक आहे. गंमत अशी की मराठीतही हाच नियम आहे. 'मी चहा घेत आहे' म्हणतो, पण 'मला एक भाऊ असत आहे' असे कोणी म्हणत नाही. आपल्याच भाषेकडे कान दिला असता तर इंग्रजी चुकली नसती.

5

आता माझ्या जुन्या लेखाच्या आधारस्तंभाकडे वळतो. एरिख फ्रॉम यांचे 'टू हॅव ऑर टू बी?' हे पुस्तक 1976 साली आले. त्यांचा रोख आधुनिक समाजाच्या हव्यासावर होता आणि तो मला आजही पटतो. पण त्यांनी भाषेची साक्ष काढली. माणूस 'मी त्रासलो आहे' म्हणायचे सोडून 'मला समस्या आहे' या अर्थी 'हॅव' वापरू लागला, झोप न येण्याचेही त्याने बाळगण्याच्या वस्तूत रूपांतर केले, हा त्यांचा मुद्दा. अनेक भाषांत 'हॅव' नाही, 'मला असणे' आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले, आणि 'हॅव'ची वाढ खाजगी मालमत्तेच्या वाढीशी जोडून पाहिली.

आमच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे बोलणे फ्रॉम यांना ऐकवायला हवे होते. 'मला बीपी आहे', 'ह्यांना शुगर आहे'. क्रियेचे नाम झाले आहे, दुखण्याची वस्तू झाली आहे, आणि 'हॅव' कुठेच नाही. हा बदल डॉक्टरी भाषेने आणला. त्यासाठी मालकीचे क्रियापद लागत नाही.

आणि मालमत्तेचे म्हणाल, तर 'हॅव' नसल्यामुळे मराठी माणसाचे काही अडले का? राजवाड्यांनी 1898 पासून छापलेली इतिहासाची साधने उघडावीत. वतनाचे तंटे, निवाडे, महजर, एका पाटीलकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणे. क्रियापद नव्हते, पण नामे किती! मालकी, ताबा, कबजा, वहिवाट, हक्क, हिस्सा, भोगवटा. आजही सातबाऱ्यावर शेतकरी 'भोगवटादार वर्ग 1' किंवा 'वर्ग 2' असतो. माझ्या टेबलासमोर बांधाच्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेलेले मी पाहिले आहेत, आणि ते शुद्ध मराठीत भांडत होते. भाषेच्या घडणीवरून समाजाची नियत ओळखण्याचा माझा खटाटोप या एका बाकावरच निकालात निघायला हवा होता. तो निघाला नाही, कारण निष्कर्ष सुखावणारा होता.

मग भाषांत फरकच नाही का? आहे, आणि तो बारीक जागी आहे. 'मला दोन भाऊ आहेत' आणि 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' ही एक वाक्ये नव्हेत. दुसऱ्याचा अर्थ दोन भाऊ माझ्या घरी राहतात असा होतो. नाते 'ला'ने सांगतात, ताबा आणि सांभाळ 'कडे'ने. इंग्रजीचे 'हॅव' हे दोन्ही एकाच टोपलीत टाकते. मराठी ते वेगळे ठेवते. एवढे म्हणता येते. यापुढे जाऊन मराठी माणूस अधिक निर्मोही, असे म्हणता येत नाही.

हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. 2011 साली आम्हा दोघा भावांचे वाटणीपत्र झाले. घर, साडेतीन एकर आणि विहिरीतला हिस्सा. दस्त मीच लिहिला. बाहेरच्याला लेखनाचे पैसे कशाला द्यायचे, असा हिशेब. नोंदणीच्या वेळी टेबलावरच्या बाईंनी आईला विचारले, "आजी, मुलं किती?" आई म्हणाली, "मला दोन मुलगे आहेत." आणि समोरच्या कागदावर, माझ्या हस्ताक्षरात, कलम 7 होते : आई सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे राहील.

तिच्या वाक्यात 'ला' होता, माझ्या वाक्यात 'कडे'. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हॅव' चालले असते आणि फरक दिसला नसता. मराठीत तो ढळढळीत दिसत होता. 2004 साली याच फरकावर लेख लिहून मी वाहवा घेतली होती. तरी ते कलम मी लिहिले, आईचा अंगठा घेतला आणि दस्त नोंदवला. पुढची चार वर्षे ती दर सहा महिन्यांनी पिशवी भरायची आणि विचारायची, "आता मी कुणाकडे?"

म्हणून तो जुना लेख मी मागे घेतो. त्या दिवशीही माझी भाषा बरोबरच बोलत होती. मी मालकासारखा वागलो, आणि त्यासाठी मला इंग्रजांचे क्रियापद लागले नाही.